फुग्यातलं अक्षर

माझ्या नणंदेने बावीस वर्षं दोन कामं केली. एक शाळेतलं, ते सगळ्या गावाला माहीत होतं. दुसरं घरात आम्हा तिघांना माहीत होतं आणि बाहेर फक्त छापखान्याच्या मालकाला. तिघं म्हणजे त्या, त्यांचा धाकटा भाऊ, जो माझा नवरा, आणि मी. नवऱ्याच्या पोटात एरवी काही राहत नाही, पण ही गोष्ट राहिली. त्याला मोठ्या बहिणीचा धाक आहे, बायकोचा नाही.

मी त्यांना वन्सं म्हणते. शाळेतली मुलं पट्टीबाई म्हणायची, कारण उजव्या हाताच्या मधल्या बोटाला त्यांनी कायम कापडाची पट्टी गुंडाळलेली असायची. काय झालंय असं कोणी विचारलं की त्या म्हणायच्या, "जुनं आहे." झालं काहीच नव्हतं. पट्टीखाली काळ्या शाईचा डाग होता. गणिताच्या बाईंच्या बोटाला लाल शाई शोभते. ही चित्रकाराची काळी शाई, साबणाने घासून कातडी निघाली तरी जायची नाही.

दुसरं काम म्हणजे मुखवटेवाले वीर. परदेशातून त्यांच्या चित्रकथांची पानं छापखान्यात यायची. तिथे फुग्यांमधली परकी अक्षरं पांढऱ्या रंगाने झाकायची आणि पानं आमच्या घरी पाठवायची. रिकाम्या फुग्यांत आपल्या भाषेतलं बोलणं भरायचं काम वन्संचं. भाषांतर त्यांचं, अक्षरही त्यांचंच. दर आठवड्याला एक अंक. साधं बोलणं गोल फुग्यात, मनातलं ढगासारख्या फुग्यात, ओरडणं काटेरी फुग्यात. तिकडच्या लोकांना दोन शब्दांत रागावता येतं, आपल्याला सहा लागतात, आणि फुगा तर तेवढाच. म्हणून वन्संनी स्वतःचं असं एक अक्षर बसवलं होतं. ठेंगणं, गुबगुबीत, एकमेकांना खेटून बसलेलं, तरी हातभर लांबून वाचता यायचं. त्यांच्या 'क'चं पोट एवढं मोठं असायचं की मी त्याला जेवून उठलेला क म्हणायचे.

पहाटे पाच ते सात हे काम चालायचं, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर. त्या वेळात आम्ही भांडीसुद्धा हळू ठेवायचो. झालेली पानं मी डब्याच्या पिशवीत घालून कामावर जाताना छापखान्यात द्यायचे. एकदा डब्यातलं तेल सांडलं आणि खलनायकाच्या गालावर मोठा डाग पडला. मी रडायच्या बेतात होते. मालक म्हणाला, "आता खरा बदमाश दिसतोय, राहू द्या." तो तसाच छापला गेला.

सगळ्यात जास्त खपणारा वीर दिवसा दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायचा. मान खाली, आवाज बारीक, कोणी ओरडलं की हातातली वही पडायची. अंधार पडला की हाच माणूस डोळ्यांवर चार बोटं रुंद काळं फडकं बांधून छपरांवरून उड्या मारायचा. त्याची होणारी बायको त्याच दवाखान्यात नर्स होती. दिवसभर त्याच्याशी बोलायची, रात्री तोच तिला आगीतून उचलून आणायचा, आणि ही बया विचारायची, "आपण आहात तरी कोण?"

मला भयंकर संताप यायचा. "वन्सं, मी माझ्या नवऱ्याला नुसत्या खोकल्यावरून ओळखते. हिला हनुवटी दिसत नाही? नाक दिसत नाही?"

"अगं, तिने दिवसा त्याच्याकडे कधी धड बघितलंय का?" वन्सं निब पुसत म्हणायच्या. "नंबर लावणारा म्हटला की संपलं. माझ्याकडे तरी कोण बघतं? गणिताच्या बाई म्हटलं की माणसं रस्त्याची दुसरी बाजू धरतात."

हे सगळं लपवायचं कारण साधं होतं. शिक्षकांनी बाहेरचं काम करायचं नाही असा शाळेचा नियम होता, आणि आमचे मुख्याध्यापक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, ते नियमाचे पक्के. पूर्वी चित्रकलेचे एक सर सुट्टीत सिनेमाची पोस्टरं रंगवायचे. मोठ्या सरांनी त्यांना आठवड्याच्या आत घरी बसवलं. त्यातून चित्रकथा म्हणजे मोठ्या सरांच्या मते मुलांच्या डोक्याला लागलेली वाळवी. दर सोमवारी मैदानावर सगळी शाळा रांगेत उभी करून ते यावर बोलायचे. रांगेच्या टोकाला वन्सं पट्टीचं बोट मुठीत धरून उभ्या असायच्या. पन्नाशीला आलेल्या, नोकरीवरून काढून टाकलेल्या बाईला दुसरी कुठली शाळा दारात उभं करणार होती? आणि वर्गाशिवाय वन्सं जगल्या नसत्या, हे मी कुठेही लिहून देते.

म्हणून बंदोबस्त कडक होता. फळ्यावर त्या मुद्दाम वेगळं अक्षर काढायच्या. बारीक, उंच, उजवीकडे कललेलं, वाऱ्यावर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं. वह्या तपासताना शेरेही त्याच अक्षरात. बाकाखाली अंक सापडला की सगळ्या शिक्षकांत पहिली झडप त्यांची, आणि सत्र संपल्याशिवाय परत नाही. घरी आल्यावर तोच अंक चाळत म्हणायच्या, "शेवटचं पान फाडलंय मेल्यांनी. तेच तर चांगलं जमलं होतं."

मी त्याच शाळेत कारकून होते. एकुलती एक. टपाल घ्यायचं, टंकायचं, फायली लावायच्या, सगळं मीच. म्हणजे सकाळी घरी गुन्ह्यात साथ द्यायची आणि दुपारी साळसूद चेहऱ्याने नियमांचं परिपत्रक टंकायचं, अशी माझी दोन तोंडं होती. मला त्याची कधी लाज वाटली नाही. भीती मात्र वाटायची.

भीती खरी झाली ती नळांमुळे. नववीच्या वर्गात वन्सं ते नेहमीचं गणित शिकवत होत्या. एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो, टाकी किती तासांत भरेल. त्या दिवशी पहाटे एका पानात सतरा फुगे भरून त्या धावतपळत शाळेत आल्या होत्या. गणित झालं, उत्तर आलं सहा तास. त्यांनी ते फळ्यावर लिहिलं, भोवती सवयीने गोल काढला, आणि गोलाला एक शेपूट काढून तिचं टोक बरोबर स्वतःच्या डोक्यापर्यंत आणून ठेवलं. आत गुबगुबीत अक्षरात 'सहा तास' आणि पुढे दोन उद्गारचिन्हं.

चाळीस मुलं चिडीचूप. नववीचा वर्ग एरवी भूकंप झाला तरी गप्प बसत नाही. वन्संनी मागे वळून बघितलं, फळ्याकडे बघितलं आणि बाहीनेच सगळं पुसून टाकलं. "पुढचं गणित," त्या म्हणाल्या. संध्याकाळी घरी येऊन हे सांगताना त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "अगं, मी फुगा काढला! भर वर्गात! आणि त्यात बोलणारी मी!" मला आधी हसू आलं, आणि मग मी उठून खोलीचं दार लावलं.

आठ दिवस काही झालं नाही. नवव्या दिवशी टपालात एक साधं पाकीट आलं. आता इथे माझी चूक ऐका. मोठ्या सरांनी घालून दिलेली पद्धत अशी की आधी पाकिटावर शिक्का मारायचा, आवक वहीत नंबर लिहायचा आणि मगच पाकीट उघडायचं, म्हणजे कोणाला काही दडपता येऊ नये. मी शिक्का मारला, नंबर लिहिला दोनशे बारा, मग उघडलं. आत लिहिलं होतं की नववीच्या गणिताच्या बाई मुखवटेवाल्याच्या चित्रकथा लिहितात, त्यांनी फळ्यावर फुगा काढला तेव्हा अख्ख्या वर्गाने पाहिलं, आणि शाळेने याची चौकशी करावी. खाली सही, 'एक जागरूक पालक'. उघडून मग शिक्का मारला असता तर तो कागद मी चावून गिळला असता. पण दोनशे अकरा आणि दोनशे तेराच्या मधलं भोक कसं बुजवणार? पत्र घेऊन सरांच्या खोलीत गेले, दुसरं करणार काय.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला वन्संना बोलावणं आलं. जबाब लिहायला मी. आमचं नातं मोठ्या सरांना माहीत होतं, पण लिहायला दुसरं होतं कोण? टेबलावर एका बाजूला ते पत्र आणि दुसऱ्या बाजूला मुखवटेवाल्याचा ताजा अंक. शाळेत हा अंक सरांच्या टेबलावर उघडा पडलेला मी पहिल्यांदाच बघत होते. चोरून मुखपृष्ठाकडे पाहिलं. छपाई चांगली आली होती.

"बाई," मोठे सर म्हणाले, "या अंकातलं अक्षर तुमचं आहे असा आरोप आहे. मी ऐकीव गोष्टीवर जात नाही. या कागदावर चार ओळी लिहा."

वन्संनी लिहिल्या. कललेलं अक्षर, एक ओळही चुकली नाही. सरांनी कागद अंकाशेजारी ठेवला, चष्मा वर केला, खाली केला. "जुळत नाही," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडतोय तोवर पुढे म्हणाले, "पण समोर बसून माणूस हवं तसं लिहू शकतो. कारकूनबाई, नववीच्या गणिताच्या वह्या घेऊन या. बाईंचे शेरे बघू. वर्षभराचे शेरे खोटे असणार नाहीत."

मी वह्यांचा गठ्ठा आणून ठेवला. चाळीस वह्या, वर्गातल्या सगळ्या. सरांनी पहिली उघडली आणि शेरा शोधायच्या आधीच थांबले. त्यांनी वही अंकाजवळ सरकवली. दुसरी उघडली. तिसरी, चौथी. मग ते उभे राहून वह्या उघडायला लागले आणि टेबलभर पसरायला लागले. मी मान लांब करून बघितलं आणि पेन माझ्या हातातून खाली पडलं.

सगळ्या वह्यांत तेच अक्षर होतं. ठेंगणं, गुबगुबीत, खेटून बसलेलं. चाळीस वह्यांमध्ये जेवून उठलेले शेकडो क. एका मुलीने तर प्रत्येक उत्तरापुढे दोन उद्गारचिन्हं दिली होती. वन्संच्या लाल शेऱ्यांचं कललेलं अक्षर त्यात एखाद्या परक्या माणसासारखं वाटत होतं. पोरांनी बाकाखाली काय वाचलं असेल ते वाचलं असेल, पण अक्षर गिरवलं होतं ते त्या फुग्यांमधूनच. बावीस वर्षं वन्सं ज्या हाताला पट्टी बांधून लपवत होत्या, तो हात ही मुलं रोज त्यांच्याकडेच तपासायला देत होती. आणि वन्संना ते दिसलंच नव्हतं! बेरजा तपासणाऱ्या माणसाला अक्षर कुठलं दिसायला.

"हे काय आहे?" मोठे सर म्हणाले.

आता मी गप्प बसायला हवं होतं. जबाब लिहिणाऱ्याने बोलायचं नसतं. पण मला एकदम फट दिसली आणि मी त्यात पाय घातला. "सर, विज्ञानाच्या नव्या सरांचा रजेचा अर्ज दाखवू का? ते आपल्याच शाळेचे माजी विद्यार्थी." आणि 'हो' म्हणायची वाट न बघता मी फाइल आणली. विज्ञानाच्या सरांना दाढदुखीसाठी दोन दिवसांची रजा हवी होती, गुबगुबीत अक्षरात. शिपायाचा अर्ज काढला, तोही आमचाच विद्यार्थी. तेच. स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांची यादी काढली, ती एका माजी विद्यार्थिनीने लिहिलेली. तेच.

मोठे सर खुर्चीत बसले. मग त्यांनी ते तक्रारीचं पत्र उचललं, अंकाजवळ नेलं आणि खूप वेळ बघत राहिले. कालपासून पत्रातला मजकूर आम्ही सगळ्यांनी दहा वेळा वाचला होता. अक्षर कोणी बघितलं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "अक्षरावरूनच ठरवायचं तर ही तक्रार तुम्हीच तुमच्याविरुद्ध केली आहे असं म्हणावं लागेल."

"मी नाही केली, सर," वन्सं म्हणाल्या. त्या खोलीत शिरल्यापासून त्यांचं हे पहिलं वाक्य.

"ते मला कळतंय. हा जागरूक पालकसुद्धा याच शाळेतून गेलेला दिसतो." सरांनी पेन घेतलं आणि पत्राच्या कोपऱ्यात, बोलत बोलत, शेरा लिहिला. "अक्षर गावातल्या कोणाचंही असू शकतं. आरोप सिद्ध होत नाही. प्रकरण बंद." खाली सही, तारीख. पत्र माझ्याकडे सरकवलं. "वह्या परत नेऊन ठेवा."

सुटलो! मला खरंच नाचावंसं वाटत होतं. मी वह्या गोळा करायला लागले, एका हाताने वन्संना दाराकडे ढकलत. पण त्या हलेनात. त्यांनी गठ्ठ्यातली एक वही हातात घेतली होती आणि त्या ती वाचत होत्या, म्हणजे बघत होत्या. मी त्यांना कोपराने ढोसलं.

"सर," वन्सं म्हणाल्या, "ते फुगे मीच लिहिते."

मी डोळे मिटून घेतले. माझ्या मनात आलं, हिला घरी नेऊन कोंडून ठेवायला हवं होतं.

"बावीस वर्षं झाली. फळ्यावर लिहिते ते अक्षर खोटं आहे. तुम्ही प्रकरण बंद केलंत, तुमचे उपकार आहेत. पण या चाळीस पोरांनी माझं अक्षर उघड उघड घेतलंय, आणि मी एकटीच ते माझं नाही म्हणून सांगत फिरू? मला ते जमणार नाही."

मोठ्या सरांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "परवानगीचा अर्ज कधी केलात?"

"कसला अर्ज?"

"कारकूनबाई, बाहेरच्या कामाचा नियम वाचा."

तो नियम मी दर वर्षी टंकायचे. बोटांना पाठ होता, डोक्याला नव्हता. कपाटातून परिपत्रक काढून वाचलं. "कोणत्याही शिक्षकाने मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीशिवाय बाहेरचं काम करू नये." आणि माझी जीभच थांबली. परवानगीशिवाय! बावीस वर्षं आम्ही हा नियम फक्त शेवटच्या चार शब्दांचा धरून चाललो होतो.

"आजवर एकाही शिक्षकाने अर्ज केलेला नाही," मोठे सर म्हणाले. "चित्रकलेच्या सरांनीही केला नव्हता. केला असता तर मी परवानगी दिली असती का? खरं सांगायचं तर माहीत नाही. तेव्हा मी नवीन होतो आणि कडक असण्याची हौस होती. त्यांच्या बाबतीत चुकलं माझं." त्यांनी अंक उचलला आणि वन्संच्या हातात दिला. "या पुस्तकांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. सोमवारी मी बोलणारच. पण चाळीस मुलांचं अक्षर इतकं वाचण्यासारखं मी दुसऱ्या कुठल्या शाळेत पाहिलं नाही. अर्ज द्या. आजच्या तारखेचा."

अर्ज वन्संनी माझ्याच टेबलावर बसून लिहिला, तीन ओळींचा. मी शिक्का मारला, आवक नंबर दिला आणि आत नेला. दहा मिनिटांत सही होऊन आला. वन्संनी तो चार वेळा वाचला, मग त्या खुर्चीवर मागे रेलल्या, आणि इतका लांब श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. मग हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मलाही आवरेना. शिपाई दारातून डोकावला आणि कोणीतरी गेलं असं समजून चपला काढून आत आला. त्याला बघून आम्ही आणखी हसलो.

शाळा सुटल्यावर दोघी चालत घरी निघालो. बावीस वर्षांत पहिल्यांदा वन्संनी तो अंक पिशवीत न घालता हातात धरला होता. मला बरं वाटत होतं, हलकं वाटत होतं, आणि त्याचबरोबर रागही येत होता, कारण मला कुठलीही भावना एकटी येत नाही.

"वन्सं, तीन ओळींचा अर्ज! बावीस वर्षं पहाटे उठून चोरासारखं वागलो आपण. माझा डबा, ते तेल, तुमचं बोट. पहिल्याच वर्षी जाऊन विचारलं असतंत तर?"

वन्संनी पट्टीच्या बोटाने अंकाची दुमडलेली कड सरळ केली.

"आणि ते नाही म्हणाले असते तर?" त्या म्हणाल्या. "विचारल्यावर नाही म्हणाले असते, तर मला सोडावं लागलं असतं गं."

मी त्यांच्या हातातली वह्यांची पिशवी घेतली आणि आम्ही घरापर्यंत सावकाश चालत गेलो.